आश्रयार्थी आणि आपण

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात ग्लासगो येथे आरोग्य उपसमितीच्या वतीने केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संक्षेप करून)



दरवर्षी या दिवशी आरोग्य उपसमितीला वीस मिनिटे मिळतात आणि त्या वीस मिनिटांत आम्ही आपणांस मधुमेह, रक्तदाब आणि थंड देशातील 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव यांविषयी सांगून भोजनापूर्वीच आपली भूक कमी करतो, अशी आमची ख्याती आहे. यंदा आम्ही विषय बदलला आहे. गेल्या वार्षिक सभेत रविवारच्या दुपारच्या उपक्रमाचा विषय निघाला होता. आपण भाड्याने घेतलेल्या सभागृहात दुपारी दोन ते पाच या वेळात आश्रयार्थी कुटुंबे येतात, याबद्दल काही सभासदांनी स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली. "हा आपला प्रश्न आहे काय?" असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. त्यावर दोघा-तिघांचे आवाज चढले, तेवढ्यात चहा आला, आणि प्रश्न तसाच राहिला. तो प्रश्न प्रामाणिक होता. त्याला प्रामाणिक उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

आरंभी शब्दांचा घोळ दूर करू. ज्याने आश्रयासाठी अर्ज केला आहे आणि ज्याचा निर्णय व्हावयाचा आहे तो आश्रयार्थी. ज्याचा दावा मान्य झाला तो निर्वासित. हा भेद ज्या करारावर उभा आहे तो २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे झाला, आणि १९६७ च्या पूरक करारान्वये तो साऱ्या जगाला लागू झाला. ब्रिटनने त्यावर सही केली आहे. भारताने आजवर केलेली नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सभासदत्व यांपैकी कोणत्याही कारणाने ज्याला मायदेशी छळाची सकारण भीती आहे, त्याला परत त्याच छळात ढकलू नये, एवढे या कराराचे सार. "विशिष्ट सामाजिक गट" हे शब्द वाचताना आपणा मंडळींच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

आपल्यात वारंवार ऐकू येणारे एक वाक्य असे की, आम्ही रीतसर आलो, परीक्षा दिल्या, व्हिसासाठी रांगेत उभे राहिलो. ही माणसे रांग मोडून आली. आमच्यापैकी जे डॉक्टर आहेत ते नव्वदीच्या अखेरीस प्लॅबची परीक्षा देऊन येथे आले, आणि पहिल्या नोकरीपर्यंत एका खोलीत चौघे राहिले. तेव्हा या वाक्यामागची व्यथा आम्हांस ठाऊक आहे. परंतु आश्रयासाठी रांगच नसते. मायदेशातून पाठवावयाचा असा व्हिसाचा अर्ज नाही. आश्रय मागावयाचा तर या भूमीवर पाय ठेवूनच मागावा लागतो. करार करणारांना हे ठाऊक होते. म्हणूनच, ज्याचा जीव धोक्यात होता तो सरळ तेथून आला आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करू नये, असे कराराच्या ३१ व्या कलमात लिहिले आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. १९९९ च्या कायद्याने आश्रयार्थींना लंडन व आग्नेय इंग्लंडबाहेर विखरून ठेवण्याचे धोरण आले, आणि २००० सालापासून ग्लासगोने त्यांस जागा दिली. ही जागा म्हणजे कोण? ज्या उंच इमारतींत राहावयास स्थानिक माणसे राजी नव्हती, त्यांतील रिकामे गाळे. पुढे वर्षानुवर्षे ब्रिटनमधील दुसऱ्या कोणत्याही एका नगरपालिकेच्या हद्दीत एवढे आश्रयार्थी नव्हते. ज्या वस्तीत आधीच बेकारी, व्यसन आणि अकाली मृत्यू ठाण मांडून होते, तेथे कसलीही पूर्वसूचना न देता परभाषी कुटुंबे उतरविली गेली. परिणाम व्हायचा तोच झाला. ऑगस्ट २००१ मध्ये साइटहिल येथे एका तरुण कुर्द आश्रयार्थीचा भोसकून खून झाला. त्या दिवसांत त्या भागातील लोक रात्री दवाखान्यातही एकटे येत नसत.

आमच्या मते या शहराची खरी कथा त्यानंतर सुरू होते, आणि ती कोण्या पुढाऱ्याने लिहिलेली नाही. त्याच साइटहिलमधून आश्रयार्थी व स्थानिक रहिवासी यांनी मिळून मोर्चा काढला. मग पहाटेच्या धाडींचा काळ आला. ज्यांचा अर्ज नाकारला गेला, त्यांच्या दारावर भल्या पहाटे थाप पडे आणि मुलाबाळांसह कुटुंब उचलले जाई. आपल्या लानर्कशायरमधल्या डंगेव्हलच्या स्थानबद्धता केंद्रात २०१० पर्यंत मुलेसुद्धा ठेवली जात. मार्च २००५ मध्ये ड्रमचॅपल येथील शाळेत शिकणारी एक मुलगी, कोसोव्होतून आलेल्या रोमा कुटुंबातली, अशाच एका धाडीत नेली गेली. तिच्या वर्गमैत्रिणी पंधरा-सोळा वर्षांच्या. त्यांतील काही स्वतःच आश्रयार्थी, तर काही ग्लासगोच्याच. त्यांनी आपल्या एका शिक्षकाच्या मदतीने सह्यांचा अर्ज केला, स्कॉटिश संसदेपर्यंत धडक मारली आणि प्रथम मंत्र्यांना जाब विचारला. मैत्रीण सुटून आली. 'ग्लासगो गर्ल्स' या नावाने त्या मुली ओळखल्या गेल्या. त्यांपैकी रोझा सालिह ही २०२२ मध्ये ग्लासगोची नगरसेविका झाली.

त्याच सुमारास किंग्जवे येथील उंच इमारतींतील स्थानिक रहिवाशांनी निराळाच मार्ग काढला. यात पुढे होत्या त्या नातवंडे असलेल्या, कष्टकरी वर्गातल्या स्कॉटिश बायका. त्या पहाटे उठून पहारा देत. गृहखात्याच्या गाड्या दिसल्या की निरोप जाई आणि धोक्यातले कुटुंब शेजाऱ्याच्या घरात हलविले जाई. चळवळ म्हटली की आपल्या मनात व्यासपीठ, ध्वज आणि ध्वनिक्षेपक येतो. या बायकांपाशी चहाची किटली होती आणि पहाटे जागे राहण्याची तयारी होती. (आमच्या उपसमितीत पहाटे पाचला उठणारे किती, हा प्रश्न कृपया विचारू नये.)

आणि १३ मे २०२१ चा केनम्युअर स्ट्रीट आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. तो गुरुवार होता, रमजान ईदचा दिवस. पोलॉकशील्ड्समध्ये गृहखात्याच्या गाडीत दोघांना बसविण्यात आले. एक माणूस त्या गाडीखाली शिरून पडून राहिला. शेजारी गोळा झाले, शेकड्यांनी झाले, आणि हे आमचे शेजारी आहेत, त्यांना सोडा, असा घोष सुरू झाला. सुमारे आठ तासांनी पोलिसांनी सार्वजनिक सुरक्षा व आरोग्याचे कारण देऊन दोघांना सोडण्याचा निर्णय घेतला. आमच्यापैकी दोघे दुपारी तेथे गेले होते. खरे सांगावयाचे तर त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. करोनाचे निर्बंध अजून उठले नव्हते, आणि वर्षभर रुग्णांना गर्दी टाळा म्हणून बजावणारे आम्हीच त्या गर्दीच्या कडेला उभे. तोंडावर मुखपट्टी होती, तेवढेच समाधान.

हे दोघे आश्रयाच्या दाव्यावर येथे होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावर परवान्याविषयीच्या नियमभंगाचा संशय होता. पण ते दोघे भारतीय होते, ही गोष्ट आपल्यात फारशी बोलली गेली नाही. ज्यांना "ती माणसे" म्हणतो त्यांत आपल्या देशाची माणसे निघाली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप समूहावर जी शांतता पसरली, ती आम्हांस अजून आठवते.

आता रविवारच्या उपक्रमाविषयी. आम्ही तेथे दवाखाना चालवीत नाही, कोणास औषध देत नाही. स्कॉटलंडमध्ये ज्याने आश्रयाचा अर्ज केला आहे त्यास, आणि पुढे तो नाकारला गेला तरीही, राष्ट्रीय आरोग्य सेवा विनामूल्य मिळते. इंग्लंडमध्ये नाकारल्या गेलेल्यांपैकी अनेकांना रुग्णालयाच्या उपचारांचे बिल येऊ शकते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे केवढा हा फरक! मात्र हक्क कागदावर असणे आणि जीपीच्या खिडकीशी उभे राहून तो मिळविणे या दोन गोष्टींत अंतर आहे. नावनोंदणीसाठी पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा अनिवार्य नाही, हे खिडकीमागच्या व्यक्तीला पुष्कळदा ठाऊक नसते. आमचे काम म्हणजे नोंदणीचा कागद भरून देणे, भेटीची वेळ ठरविणे, दुभाष्याची मागणी आधी नोंदविणे, आणि गरज पडल्यास सोबत जाऊन बसणे.

आमच्या चुकाही आपणांस सांगितल्या पाहिजेत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही मोठ्या उत्साहाने तांदूळ, डाळ आणि घोंगड्या गोळा केल्या. घोंगड्या आजही कपाटात आहेत. लोकांना हवे होते ते बसचे भाडे आणि फोनचे पैसे, कारण वकील एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला. २०२४ मध्ये स्वतः शिजवून खाणाऱ्या आश्रयार्थीला आठवड्याला ४९ पाउंड १८ पेन्स मिळत. हॉटेलात जेवणासह ठेवलेल्यास अवघे ८ पाउंड ८६ पेन्स. काम करावयाची मुभा नाही. निर्णय वर्षभर लांबला तर परवानगी मागता येते, तीही मोजक्याच धंद्यांसाठी. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून बावीस वर्षांखालील सर्वांना बस मोफत झाली, साठीच्या वरच्यांना ती होतीच. म्हणजे घरातला शाळकरी मुलगा बसने जाई आणि त्याची आई त्याच रस्त्याने पायी. हे आम्हांस एका अशाच आईने हसत हसत सांगितले, तोवर आमच्या लक्षातही आले नव्हते.

दुसरी चूक अधिक गंभीर, आणि ती डॉक्टर म्हणवणाऱ्यांनी करू नये अशी. एक महिला पोटदुखीची तक्रार घेऊन येत असत. तपशील अर्थातच बदलून सांगतो. त्यांच्यासोबत बारा वर्षांचा मुलगा असे आणि तोच दुभाषा. मुलगा हुशार, इंग्रजी छान. आम्ही त्याचे कौतुक केले, आणि आम्लपित्त असावे असे समजून जीपीसाठी तशीच चिठ्ठी लिहून दिली. एकदा नव्हे, तीनदा. पुढे रुग्णालयाने दूरध्वनीवर एक स्त्री दुभाषी मिळवून दिली आणि मुलाला बाहेर बसविले. मग जे बाहेर आले ते कोणतीही आई आपल्या मुलाच्या तोंडून वदवून घेणार नाही. मूल दुभाषी नसावे हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो, आणि रविवारी दुपारी, चहाचा कप हातात असताना, तेच विसरलो. तेव्हापासून नियम केला की, घरच्या माणसाकडून भाषांतर करून घ्यावयाचे नाही, वेळ लागला तरी चालेल.

झोप ही आमच्याकडील सर्वांत सामान्य तक्रार. एक गृहस्थ पहाटे तीन ते पाच या वेळात कधीच झोपत नसत. झोपेच्या गोळीचा उपयोग नव्हता. त्यांच्या देशात दारावर थाप पडली ती याच वेळी. छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद कशी करावी याचे संयुक्त राष्ट्रांचे मार्गदर्शन आहे. त्यास इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात, १९९९ चे, २०२२ मध्ये सुधारलेले. त्यात वारंवार सांगितले आहे की, छळ झालेल्या माणसाच्या कथनात तारखा चुकणे व क्रम उलटणे हे खोटेपणाचे लक्षण धरू नये. आम्ही असे दाखले देत नाही. त्याला स्वतंत्र प्रशिक्षण लागते. पण अशा डॉक्टरांपर्यंत माणूस पोहोचविणे आमच्या आवाक्यात आहे.

आता आक्षेपांकडे. येथील गरिबांना घरे नाहीत, मग यांना कशी, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्लासगो नगरपालिकेने घरांची आणीबाणी जाहीर केली. निर्वासित म्हणून मान्यता मिळताच आश्रयार्थीचे घर सुटते. सूचना अठ्ठावीस दिवसांची असे. डिसेंबर २०२४ मध्ये ती प्रायोगिक तत्त्वावर छप्पन्न दिवसांची करण्यात आली. म्हणजे आनंदाचे पत्र आणि बेघर होण्याचे पत्र जवळजवळ एकाच आठवड्यात. मग तो माणूस नगरपालिकेच्या त्याच रांगेत जाऊन उभा राहतो जेथे त्याचा स्कॉटिश शेजारी दोन वर्षांपासून उभा आहे. या दोघांत वैर लावून देणे फार सोपे आहे. आमच्यापाशी यावर तोडगा नाही. पण रिकामे गाळे भरले गेले तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती आणि घरे बांधली गेली नाहीत ती या माणसांमुळे नव्हे, एवढे आम्ही जाणतो. म्हणून आमच्या रविवारी आता त्या वस्तीतले दोन स्कॉटिश पेन्शनरही येतात, त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या कागदांसाठी. त्यांना दार बंद करावे असे कोणास वाटत असेल तर तसे सांगावे.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो मनापासूनचा आहे. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे मुलींवर हल्ला झाला, अफवा पसरल्या, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला जमावाने वेढून आग लावण्याचा प्रयत्न केला. स्कॉटलंडमध्ये तशा दंगली झाल्या नाहीत. तरीही त्या आठवड्यात आपल्या काही भगिनींनी साडी नेसून बाहेर पडणे टाळले, आणि सभागृहाच्या दारावरील आपल्या संस्थेची पाटी उतरवावी काय, अशी विचारणा झाली. यांना बोलाविल्याने आपल्याकडे लक्ष वेधले जाईल, असे म्हणणाऱ्यांना आम्ही भित्रे म्हणत नाही. परंतु विटा फेकणारा जमाव पासपोर्ट तपासत नाही, हेही त्या आठवड्यात दिसले.

तिसरा आक्षेप हाच की, आपल्या चळवळीशी याचा काय संबंध. बाबासाहेबांच्या आत्मकथनात्मक टिपणांचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. त्यांत बडोद्याचा प्रसंग आहे. १९१७ साली अमेरिकेत व लंडनला शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहावयास जागा मिळेना, म्हणून एका पारशी उतारूगृहात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा जण आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले. दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना आपण नेहमी बागेतल्या माणसाच्या जागी असतो. आम्हांस अलीकडे त्या दोन मित्रांची आठवण अधिक येते. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या.

फाळणीनंतर, १९४७ च्या अखेरीस, पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना, विशेषतः सफाईचे काम करणारे म्हणून ज्यांना निघूच दिले जात नव्हते त्यांना, भारतात आणण्यासाठी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून पाठपुरावा केला. आलेल्यांना निर्वासित छावण्यांत व जमीनवाटपात डावलले जाते, ही तक्रारही त्यांनीच मांडली. म्हणजे आपल्या चळवळीला निर्वासितांचा प्रश्न नवा नाही. आपल्यातील विदर्भाकडच्या मंडळींना तर तो शेजारचाच. गडचिरोली-चंद्रपूरकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आहेत, त्यांत नमोशूद्र पुष्कळ. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात नागपूरच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या तिबेटी बायकांकडून आपल्या आयांनी घासाघीस करून घेतलेले स्वेटर घालून आपण शाळेत गेलो. त्या कोठून आल्या, का आल्या, हे आपण त्यांना कधी विचारले नाही. स्वेटर मात्र टिकाऊ होते.

वेळ संपत आली आहे, अध्यक्ष महोदय घड्याळ पाहू लागले आहेत. तेव्हा उपसमितीची मागणी थोडक्यात सांगतो. सभागृहाचा रविवारचा करार मार्चमध्ये संपतो आणि त्याआधी वार्षिक सभेत मतदान होईल. करार नूतन करावा, असा आमचा ठराव आहे. भाड्याचा अर्धा भाग आम्ही सहा कुटुंबांनी उचलला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी भीमजयंतीच्या खर्चातील मंडप-सजावटीची रक्कम कमी करावी, असे ठरावात लिहिले आहे. यावरून वाद होणार हे आम्ही जाणतो, आणि तो चहा येईपर्यंत नव्हे, निकाल लागेपर्यंत व्हावा अशी विनंती आहे. ज्यांना विरोधात मत द्यावयाचे आहे त्यांनी त्याआधी एका रविवारी येऊन जावे. खुर्च्या मांडावयास माणसे कमी पडतात.

सोबतीस जाण्यासाठी नावे नोंदविण्याची वही मागील टेबलावर, पाण्याच्या जगाशेजारी ठेवली आहे. अरबी, फारसी, तिग्रिन्या किंवा कुर्दी येत असेल तर उत्तमच. न येणाऱ्यांसाठी मोटारीने नेऊन सोडण्याचे काम आहे. येत्या मंगळवारी सकाळी साडेनऊला एका बाईंना प्रसूतिपूर्व तपासणीसाठी न्यावयाचे आहे, आणि अद्याप कोणी मिळालेले नाही.

जय भीम.